दाराआडची फट

पत्र:
"डॉक्टर, माझी मुलगी २० महिन्यांची आहे. मागच्या आठवड्यात सकाळी कामावर निघताना मी बाहेरून दार ओढून घेतलं. नीट लागलं नाही, म्हणून पुन्हा जोरात ओढलं. मग तिची किंकाळी ऐकली. ती दाराआड उभी होती आणि बिजागरीकडच्या फटीत तिची बोटं होती. मधल्या बोटाचं नख उखडलं, टोकाच्या हाडाला चीर गेली. भूल देऊन टाके घातले. निघालेलं नख परत बसवलं नाही, टाकून दिलं. ते पुन्हा येईल का? बोट वाकडं राहील का? माझी आई म्हणते, एकदा लागलं की मूल आपोआप शिकतं. बायको काहीच बोलत नाही, पण मला तिच्याकडे बघवत नाही. घरात चार मोठी माणसं, एक मूल, आणि तरी हे झालं. आता दार लावायचं म्हटलं की माझा हात थरथरतो. – एक बाप"

नमस्कार,

आधी बोटाचं बोलते, कारण तुमचा जीव तिथं अडकलाय.

नख येईल. नख वाढतं ते मुळातून, कातडीच्या घडीखाली जी जागा दिसत नाही तिथून. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर पुढं सरकतं, त्यामुळे पूर्ण नख यायला चार ते सहा महिने धरा. पहिलं येणारं नख बहुतेकदा जाडसर, खडबडीत, मध्येच आडवी रेघ असलेलं असतं. ते बघून घाबरू नका आणि घासून सारखं करायलाही जाऊ नका, पुढच्या वाढीत ते पुष्कळ सुधारतं. मात्र नख जिथून उगवतं ती जागाच फाटली असेल, तर कायमची उभी खाच राहू शकते. टाके घालणाऱ्या सर्जननं ती जागा डोळ्यांनी बघितलेली आहे. पुढच्या ड्रेसिंगला त्यांना सरळ विचारा, 'नखाच्या मुळाला धक्का लागला होता का?'

नख टाकून दिलं म्हणून मनात काही ठेवू नका. निघालेलं नख धुऊन परत जागेवर बसवायचं, ही जुनी रीत. त्यानं खरंच फायदा होतो का हे तपासायला ब्रिटनमधल्या २० रुग्णालयांत ४५१ मुलांवर 'निन्जा' नावाची चाचणी झाली आणि २०२३ साली तिचे निष्कर्ष आले. नख बसवलेल्या आणि न बसवलेल्या मुलांमध्ये ना जंतुसंसर्गात फरक निघाला, ना पुढं आलेल्या नखाच्या रूपात. तुमच्या डॉक्टरांनी काही राहू दिलेलं नाही.

हाडाची चीर अगदी टोकाला असेल, तर ती काही आठवड्यांत भरते. शेवटच्या पेराच्या बुडाशी, जिथं हाडाची वाढ होते त्या पट्ट्यातून हाड मोडलं असेल आणि वरचं नखही मुळातून निघालं असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. १९६६ साली सीमूर या सर्जननं या दुखापतीचं वर्णन केलं आणि तिला त्यांचंच नाव पडलं. बाहेरून ती साध्या निघालेल्या नखासारखी दिसते, पण खरं तर ते उघडं फ्रॅक्चर असतं, म्हणजे मोडलेल्या हाडापर्यंत जखम पोचलेली असते. नजरेतून सुटलं तर हाडात पू होऊ शकतो, वाढ खुंटू शकते. तुमच्या मुलीचा एक्स-रे झालाय आणि भूल देऊन जखम उघडून साफ केलीय, म्हणजे ते बघितलं गेलंच असणार. तरी हे सविस्तर लिहिते, कारण हे सदर वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरी आज रात्री 'नखच तर निघालंय' म्हणून पट्टी बांधून मूल झोपवलं जाईल. दारात सापडलेल्या बोटाचं नख मुळाशी सुटलं असेल किंवा शेवटचं पेर खाली झुकलं असेल, तर एक्स-रे काढल्याशिवाय राहू नका.

एक आशेची गोष्टही सांगते. लहान मुलांच्या बोटाच्या टोकाला स्वतःहून भरून येण्याची जी ताकद असते, ती बघून इतकी वर्षं झाली तरी मी दर वेळी थक्क होते. १९७४ साली शेफिल्डच्या सिंथिया इलिंगवर्थ यांनी एक निबंध लिहिला. दारात सापडून टोक तुटलेली मुलांची बोटं, काही न शिवता, नुसती स्वच्छ पट्टी बांधून भरून आली, गोलाई आणि नखासकट, हे त्यांनी त्यात दाखवलं होतं. टोकाचाच भाग गेला असेल आणि हाड उघडं नसेल, तर आजही अनेकदा आम्ही हेच करतो: झाकतो आणि थांबतो.

आता पुढचे काही आठवडे. पट्टी कोरडी ठेवा. या वयाची मुलं पट्टी ओढून काढतात, म्हणून एकाच बोटाला न बांधता सगळा पंजाच मुठीसारखा गुंडाळून द्या असं डॉक्टरांना सांगा, वरून मोजा चढवा. मोजा जागेवर राहावा म्हणून मनगटाला दोरा किंवा रबरबँड मात्र कधीही नको. लहान हाताचा रक्तपुरवठा तुटायला तेवढं पुरतं. पट्टीबाहेरची बोटं पांढरी किंवा निळी पडली, पट्टीला वास आला, लाली हाताकडे सरकायला लागली, ताप आला, किंवा दोन दिवसांनी कमी व्हायच्या ऐवजी दुखणं वाढलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. जखम भरल्यावर टोक काही महिने हुळहुळं राहील, गार पाण्याला ती हात मागं घेईल. तेव्हा त्या बोटाला जपून ठेवू नका. पाण्यात खेळू दे, माती मळू दे, कागद फाडू दे. जे बोट वापरात येत नाही त्याचं हुळहुळेपण लवकर जात नाही.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य. 'नीट लागलं नाही, म्हणून पुन्हा जोरात ओढलं.'

हे वाक्य मी इतक्या आईबापांकडून ऐकलंय की तुमचं पत्र वाचताना ते येणार हे मला आधीच जाणवलं होतं. शर्टावर रक्त, कडेवर मूल, आणि बोटाबद्दल काही विचारायच्या आधीच 'मला वाटलं दार अडकलंय'. तुम्हाला बोट लागल्याचं का जाणवलं नाही, ते समजून घ्या. दाराची कडी किंवा मूठ बिजागरीपासून साधारण ८० सेंटिमीटरवर असते. तुमच्या मुलीचं बोट बिजागरीपासून दोनेक सेंटिमीटरवर होतं. म्हणजे दार ही एक तरफ झाली, आणि तुमच्या हाताचा जोर तिच्या बोटापाशी ४० पट होऊन पोचला. तुम्हाला फक्त 'जरा अडतंय' एवढंच जाणवणार होतं. एवढ्याशा अडण्याला आपण सगळेच काय करतो? जरा जोर लावतो.

आणि ती तुम्हाला दिसणारही नव्हती. आज घरी गेल्यावर एक करून बघा. ज्या दारात हे झालं ते पूर्ण आत उघडा, त्याच्या मागं जाऊन जमिनीवर बसा, तिच्या उंचीला डोळे आणा. बिजागरीच्या बाजूला उजेडाची एक उभी पट्टी दिसेल. त्या पट्टीतून बाहेरचा माणूस दिसतो. बाबा चपला घालतायत, बाबा पिशवी उचलतायत. २० महिन्यांच्या मुलीनं तिथं बोटं घालायची नाहीत तर काय करायचं? ती तुमच्याकडे यायला निघाली होती.

हे सांत्वन म्हणून लिहीत नाही. तुमच्या पत्रात 'चार मोठी माणसं होती तरी' असं आहे, आणि दोष शोधायची जागा तिथंच चुकतेय. बोटाच्या टोकाच्या दुखापती ही लहान मुलांच्या हाताची सर्वांत जास्त दिसणारी दुखापत आहे. बहुतेक घरातच होतात, दारातच होतात, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना जास्त होतात. चालायला नुकतं लागलेलं मूल सगळ्यांत जास्त सापडतं. मधलं बोट सगळ्यांत लांब, म्हणून तेच फटीत आधी पोचतं. अमेरिकेत १९९९ ते २००८ या दहा वर्षांत दारामुळे जखमी होऊन तातडीच्या विभागात आलेल्या मुलांचा अंदाज काढला, तो जवळजवळ १४ लाख निघाला. दर ४ मिनिटांना एक मूल. त्यातली निम्म्याहून जास्त दारात चिमटलेली होती. ती सगळी मुलं बेफिकीर घरांतली असतील का? पुष्कळदा दार लावणारं माणूस घरातलंच असतं, आई, बाप, मोठं भावंड. म्हणजे मोठं माणूस तिथंच असतं, जागं असतं, आणि त्याचाच हात दारावर असतो. 'लक्ष ठेवा' हा सल्ला इथं अपुरा पडतो, कारण लक्ष होतं तिथं दार होतं, आणि मूल दाराच्या पलीकडे होतं.

तुमच्या आईंचं म्हणणंही याच कारणानं मला पटत नाही. त्यांना दुखवायचं नाही. त्यांच्या पिढीनं अनेक गोष्टी अशाच निभावल्या. पण २० महिन्यांचं मूल 'दार, फट, ओढणं, दुखणं' ही साखळी जोडू शकत नाही. तिला कळलं असेल ते एवढंच, की खूप दुखलं आणि सगळे ओरडले. पुढच्या आठवड्यात ती त्याच फटीत दुसऱ्या हाताची बोटं घालू शकते. तिला दटावून, हातावर मारून काही शिकवायला जाऊ नका. बदलायचंय ते दार.

दाराची ती फट बुजवायची. बिजागरीच्या बाजूला लावायची लवचिक पट्टी मिळते, प्लास्टिकची किंवा जाड कापडाची. ती चौकटीपासून दारापर्यंत फट झाकते आणि दार उघडलं-मिटलं की दुमडते. दोन्ही बाजूंना लावायची असते, दाराआडच्या बाजूला आणि समोरच्या बाजूला, कारण बोटं दोन्हीकडून जातात. अनेक घरांत समोरची एकच लावतात आणि दाराआडची राहते. तुमच्या मुलीचं बोट दाराआडूनच गेलं होतं, हे विसरू नका. जमिनीपासून निदान मुलाचा हात पोचेल त्याच्याही वरपर्यंत ती यायला हवी. मूल स्टुलावर चढतं, हेही धरा.

दाराच्या वरच्या कडेला बसवायचा इंग्रजी 'यू' आकाराचा फोमचा तुकडा स्वस्त आणि सोपा. दार पूर्ण मिटू देत नाही, त्यामुळे कडीकडच्या बाजूला बोट वाचतं. पण बिजागरीकडची फट त्यानं पूर्ण सुरक्षित होत नाही, म्हणून फक्त त्याच्यावर विसंबू नका. तो मुलाच्या हाताला लागेल असा खाली लावू नका. चावून तुकडा गिळण्याचा धोका असतो. आणि आग पसरू नये म्हणून जी दारं बंद राहायला हवीत, ती अशा तुकड्यानं किंवा पाचरीनं अडवायची नाहीत, तिथं पट्टीच हवी.

वाऱ्यानं धाडकन आपटणारी दारं तर फार वाईट. तिथं कुणाचाच हात दारावर नसतो, म्हणून शेवटच्या क्षणी थांबवणारंही कुणी नसतं. अशा दाराला भिंतीशी धरून ठेवणारी आकडी किंवा लोहचुंबकाचा स्टॉपर लावा. जड दाराला वरती डोअर क्लोजर, म्हणजे दार आपोआप मिटवणारी दांडी असेल, तर त्याच्या स्क्रूनं शेवटच्या टप्प्याचा वेग कमी करता येतो. सुताराला तेवढंच सांगा, 'शेवटचं वीतभर अंतर सावकाश मिटू दे.' मुलीला ज्या पाळणाघरात किंवा शाळेत पाठवाल तिथल्या दारांच्या बिजागऱ्याही पहिल्या दिवशीच बघून घ्या.

घराच्या दाराखेरीज आणखी थोडं सांगते. गाडीत पुढच्या सीटवरून उतरणारा माणूस आपलं दार लावतो, आणि मागं बसलेल्या मुलानं उठताना पुढच्या-मागच्या दारांमधला खांब धरलेला असतो. असं चिमटलेलं बोट मी अनेकदा बघितलंय. मूल उतरून दोन्ही हात मोकळे दिसेपर्यंत कुणीही कुठलंच दार लावायचं नाही. मागच्या खिडक्यांची बटणं कुलूपबंद ठेवा. घडीची खुर्ची, घडीचं टेबल, मुलाची ढकलगाडी या सगळ्यांत बिजागरीच असते. २००९ साली अमेरिकेत एका कंपनीला सुमारे १० लाख ढकलगाड्यांच्या बिजागऱ्यांवर आवरण द्यावं लागलं, कारण तोवर १२ मुलांच्या बोटांची टोकं त्यात तुटली होती. घरात ट्रेडमिल असेल तर वापर झाला की प्लग काढा, सुरक्षेची किल्ली मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. त्याच्या पट्ट्यावर घासलेला तळहात कातडी बसवूनच भरून येतो, असंही होतं.

आणि कुणाच्या घरी पुन्हा असं झालंच तर, हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. दार उघडा, बोट ओढू नका. स्वच्छ वाहत्या पाण्याखाली धरा, स्वच्छ कापडानं १० मिनिटं घट्ट दाबा, हात छातीपेक्षा वर धरा. मध्येच कापड उचलून बघत बसू नका. लोंबणारं नख किंवा कातडी तोडू नका, बोटाच्या बुडाशी दोरा आवळू नका, घरातली कुठलीही पूड किंवा मलम भरू नका. नखाखाली काळं रक्त साठून फार ठणकत असेल तर ते डॉक्टर छोटं छिद्र पाडून काढतात. घरी सुई तापवून करायचं काम नाही. तुकडा तुटला असेल तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर तो गोठून मरतो. भूल द्यावी लागेल असं वाटत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलाला खायला देऊ नका. आणि धनुर्वाताची लस कधी झाली होती ते सांगता आलं पाहिजे.

आता बायकोचं. ती गप्प आहे म्हणजे ती तुमच्यावर चिडलीय असंच नाही. कदाचित तीही त्याच सकाळी त्याच घरात होती आणि 'मी हिला उचलून का नाही घेतलं' हे स्वतःशी घोकत असेल. तुम्ही दोघंही एकाच बोटाचा हिशोब वेगवेगळ्या खोल्यांत मांडताय. तिला सांगा, 'मी दार ओढलं, मला ती दिसली नाही.' एवढंच सांगा, स्वतःला शिक्षा सुनावू नका. आणि मग दोघांनी मिळून ती पट्टी बसवा. एकानं दार धरायचं, दुसऱ्यानं स्क्रू. मला हे काम बोलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडताना दिसलंय.

मुलगी दाराजवळ गेली की अंग चोरत असेल तर तिला ओढून नेऊ नका आणि दार कायमचं उघडंही ठेवू नका. पट्टी बसल्यावर तिला कडेवर घेऊन, तिचा दुसरा हात दाराच्या मधोमध ठेवून, तुमच्यासोबत दार हळू ढकलू द्या. काही दिवसांनी ती स्वतःहून ढकलेल. थोडी मोठी झाली की 'दार लावतोय, हात दाखव' असं म्हणायची सवय लावा आणि दोन्ही पंजे दिसल्याशिवाय लावू नका. ती सवय तिच्यापेक्षा तुमच्यासाठी आहे.

आणि तुमच्या थरथरणाऱ्या हाताबद्दल. निघताना दार तुम्ही बाहेरून ओढायचंच नाही, असं ठरवून टाका. तुम्ही बाहेर पडा, आतल्या माणसानं मुलीला कडेवर घ्यावं, तिनं तुम्हाला टाटा करावा, आणि मग आतल्या माणसानंच दार लावावं. दाराआड कुणी आहे की नाही हे फक्त त्यालाच दिसतं.